नेसंटसाठी तीन दारं

३ जानेवारी

“कोश उघडून निराश होणाऱ्या बंधुभगिनींनो, आपल्या सगळ्यांचं एक दुखणं सारखं आहे. इंग्रजी शब्द अडला म्हणून आपण मोठ्या आशेने कोश उघडतो, आणि तिथे त्याहून अवघड मराठी शब्द दंड थोपटून उभा असतो. मग त्याचा अर्थ शोधायला दुसरा कोश. दार उघडावं तर मागे भिंत. ही भिंत परक्यांनी बांधलेली नाही. ती आपल्याच विद्वानांनी, आपल्याच विटांनी बांधली, आणि ती आपल्यालाच पाडायची आहे.”

इथवर भाषण झकास जमलं आहे. अडचण एवढीच की ते करायला आवाज नाही.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी नाकातून नळी घालून पडद्यावर माझाच घसा मला दाखवला. स्वरतंतूंवर दोन गाठी. आयुष्यभर मैदानं गाजवली, त्याची ही पावती. “काका, मौन,” त्या म्हणाल्या. “अवाक्षर नाही. काय लागेल ते लिहून मागा.” मी कागदावर लिहिलं, “किती दिवस?” त्या म्हणाल्या, “महिनाभर तरी. मग बघू.”

कोशमंडळाची सभा ८ फेब्रुवारीला आहे. म्हणजे जेमतेम बसतंय. त्या सभेत वकील ठराव मांडणार आहे की आमच्या इंग्रजी-मराठी कोशाचं काम थांबवावं. ‘एम’पर्यंत आलो आहोत, तिथेच गाशा गुंडाळावा. वकील माझा शाळेपासूनचा मित्र, म्हणून तर जास्त धोका. त्याला उत्तर देऊ शकेल असा मंडळात माझ्याशिवाय कोणी नाही.

घरी येताना बसमध्ये ही खिडकीबाहेर बघत बसली होती. हिला मुळातच बोलायची हौस नाही. शाळेत रसायनशास्त्र शिकवायची तेव्हा मुलं हिला ‘बर्नर बाई’ म्हणत, पण ते वर्गात. माझ्या सभांना पहिल्या रांगेत बसायची ती हातात पाण्याचा तांब्या घेऊन. आता घरात दोघंही गप्प. भाषा वाचवणार कोण?

६ जानेवारी

हिने कुठूनशी एक पाटी शोधून आणली. मी लिहितो, ही वाचते, मी पुसतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत छोटी वाक्यं सध्या मी लिहितो आहे.

‘एन’ सुरू केला. पहिला मोठा अडथळा: नेसंट. नुकतं अस्तित्वात येऊ लागलेलं, पुढे काहीतरी होईल अशी चिन्हं दाखवणारं. इंग्रजीत तो कुठेही जातो. नेसंट उद्योग, नेसंट लोकशाही, नेसंट मैत्री, पोराच्या ओठावरची नेसंट मिशी. एका शब्दावर सगळा संसार चालतो त्यांचा. मराठीत त्याला तोडीस तोड एकच शब्द हवा. एका शब्दाला एक शब्द, हे माझं तत्त्व आहे आणि त्यासाठी मी पूर्वी दोन परिषदा मोडल्या आहेत.

मी ‘उदयोन्मुख’ ठरवला. भारदस्त आहे, पण चालता आहे.

आता तीन दारं. मंडळाचा हा नियम मीच घातला. ठरवलेला शब्द घेऊन इंग्रजी न येणाऱ्या तीन माणसांच्या दारात जायचं, तो वाक्यात घालून ऐकवायचा. तिघांपैकी एकानेही “म्हणजे काय?” म्हटलं की शब्द नापास. विद्वानांचा माज उतरवायला इतकं चांगलं औषध नाही. नेहमी मी जातो. या वेळी हिला पाठवलं. वाक्य लिहून दिलं: ‘आमच्याकडचा हा उद्योग अजून उदयोन्मुख आहे.’

७ जानेवारी

नापास. तिन्ही दारांत.

न्हावी म्हणाला, “बाई, हे ज्यांचं भाषण आहे त्यांनाच विचारा.”

सायकल दुरुस्तीवाल्याने हातातला पाना खाली ठेवला, चेहरा गंभीर केला आणि विचारलं, “बरा होईल ना पण?”

प्रसूतिगृहातल्या आयाबाईने नुसतंच हिच्याकडे बघितलं आणि बसायला स्टूल दिलं.

ही सांगताना हसत होती. मी पाटीवर लिहिलं, ‘तू नीट म्हणाली नसशील.’ हिने ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि स्वयंपाकघरात गेली.

१० जानेवारी

वकील आला. शब्दाशब्दाला कोपरखळी मारायची त्याची सवय, आणि समोरून उत्तर नाही म्हटल्यावर तर त्याला पंख फुटले.

“काय रे, आता तरी मला वाक्य पूर्ण करू देशील? वहिनी, घरात शांत वाटत असेल.”

“शांत नाही,” ही म्हणाली. “ऐकू यायला लागलंय.”

वकिलाने खिशातून मोबाइल काढला. “हे बघ. नेसंट ना? टाकला. आला. ‘नवजात’. किती वेळ लागला? आपण सहा म्हातारे ‘एम’वर येऊन दमलोय. मला नातवंडांशी खेळायचंय, तुला घसा सांभाळायचाय. कशासाठी करतोय आपण हे? कोण उघडणार आहे तो कोश?”

मी पाटीवर ‘तत्त्वासाठी’ असं लिहीत होतो. तेवढ्यात ही कपबशी ठेवता ठेवता म्हणाली, “भाऊजी, तुमच्या मोबाइलला एक विचारा. नवजात लोकशाहीला दूध किती किती वेळाने पाजायचं?”

वकील इतका हसला की अर्धा चहा बशीत आला.

पाहुण्याशी असं बोलणं हिला शोभत नाही. वाक्य मात्र चांगलं आहे. भाषणात घ्यावं.

१३ जानेवारी

आज आमचं भांडण झालं. एका बाजूने तोंडी, एका बाजूने लेखी.

झालं असं की ही परत त्या तिघांकडे गेली होती, मला न सांगता. आणि या खेपेस शब्द न घेताच गेली. न्हाव्याला म्हणाली, तुमच्या दुकानात पोरं येतात, ओठावर नुसती सावली असते, त्याला काय म्हणता? तो म्हणाला, मिसरूड फुटतंय म्हणतो, आणि फुकट करून देतो पहिली दाढी. सायकलवाल्याला विचारलं, दुकान टाकलंत तेव्हा पहिल्या वर्षी कसं होतं? तो म्हणाला, बस्तान बसलं नव्हतं, पण गिऱ्हाईक पायरी ओळखायला लागलं होतं. आयाबाईने तर हिला बाकावर बसवून घेतलं. आत्ताच उजेडात आलंय, धुगधुगी आहे, पोटाला लागलं की बाळसं धरेल, असं बरंच काही. ही सगळं पाठ करून आली होती.

मी पाटीवर लिहिलं, ‘नियम मोडलास. दारात जाऊन शब्द द्यायचा असतो. मागायचा नाही.’

“का?”

‘मागितला तर तीन दारांतून तीन शब्द येतील.’

“आलेच की. त्यात बिघडलं काय?”

‘एका शब्दाला एक शब्द. तत्त्व.’

“तत्त्व तुमचं आहे, भाषेचं नाही,” ही म्हणाली. “चळवळ मूळ धरते. आशेला पालवी फुटते. विचार आकार घेतो. मैत्री जुळत येते. तुमच्या त्या नेसंटला हे जमतं का? त्याच्याकडे एकच सदरा आहे, तो लग्नालाही तोच घालतो आणि कोळसे उचलायलाही तोच.” मग फडकं उचलून, “आणि ‘नवजात’ अगदीच टाकाऊ नाहीये. आम्ही वर्गात वापरायचो. जस्तावर आम्ल घातलं की जो हायड्रोजन निघतो तो नवजात. त्या क्षणी त्याच्यात जी धमक असते ती बाटलीत भरल्यावर राहत नाही, असं मी शिकवायचे. त्या जागी तो शब्द बरोबरच आहे. त्याची जागा आहे ती.”

इतकं सलग बोलताना मी हिला कधी ऐकलं नव्हतं. माझी पाटी भरली होती आणि फडकं हिच्या हातात होतं.

१८ जानेवारी

हिच्याकडे लक्ष द्यायला हवं. वय झालं, दुसरं काय.

एक, फळीवरच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या नाहीशा झाल्या आहेत. विचारलं तर म्हणते, “येतील परत.” दोन, हिची बोटं तपकिरी झाली आहेत. बहुधा केसांना रंग लावायला लागली आहे आणि मला सांगायला लाजते. मी पाटीवर लिहिलं, ‘पांढरे छान दिसतात.’ हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच पुसलं. तीन, ही भिंतीशी बोलते. स्वयंपाकघरात एकटीच असते आणि आतून हळू आवाज येतो. मी दारात गेलो की गप्प. एकदा नीट ऐकू आलं, “तर मंडळी.” भांड्यांना म्हणत असेल.

चार, दर दोन दिवसांनी आपल्या जुन्या शाळेत जाते. तिथे कोण उरलंय हिच्या ओळखीचं? मुलीला फोन करून सांगायला हवं होतं, पण मला बोलता येत नाही आणि हिच्यासमोर हिच्याचबद्दल हिलाच फोन करायला कसं सांगणार?

माझं मात्र उत्तम चाललं आहे. भाषण पाठ झालं. न्हाणीघरात नळ सोडून रोज पूर्ण म्हणतो. अर्थात कुजबुजत. कुजबुज म्हणजे बोलणं नव्हे.

२५ जानेवारी

कुजबुज म्हणजे बोलणंच. बोलण्याहून वाईट.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर पाहिलं आणि नळी काढून घेतली. मग, “काका, कोणाशी बोलत होता?”

मी लिहिलं, ‘कोणाशीच नाही.’

“मग सूज का वाढली?”

‘फक्त कुजबुजलो.’

“अहो, त्याने तंतूंवर आणखी ताण येतो. मला विचारायचंत तरी.”

“विचारणं यांच्या स्वभावात नाही,” मागून ही म्हणाली. “रोज न्हाणीघरात नळ सोडून. मला आधी वाटलं कपडे धुताहेत. मनात म्हटलं, आजार लाभला.”

दोघी हसल्या. मी हसलो नाही. सगळं नव्याने सुरू करावं लागणार. आणखी महिनाभर मौन. म्हणजे ८ तारखेला मी सभेत बसणार तो मातीच्या ढेकळासारखा, आणि वकील ठराव मांडणार, आणि कोश ‘एम’वर मरणार. ‘एन’ जन्माला यायच्या आत.

बसमध्ये हिने माझा हात धरला होता. बोटं अजून तपकिरीच आहेत.

२७ जानेवारी

विचार केला. उपाय एकच. भाषण माझं, आवाज हिचा. सकाळी चौदा पानं हिच्यासमोर ठेवली. पाटीवर लिहिलं, ‘सभेत तू वाचायचंस. जिथे रेघ मारली आहे तिथे टेबलावर मूठ आपटायची.’

हिने चौदाच्या चौदा पानं वाचली. चष्मा काढला, पुसला.

“छान आहे. पण मी वाचणार नाही.”

‘घाबरतेस?’

“घाबरते तर खरंच. पण दुसऱ्याचं वाचून दाखवताना जास्त घाबरेन. बोलायचंच असेल तर माझं बोलेन.”

‘काय बोलशील?’

“ते तुम्हाला सभेतच कळेल. आधी सांगितलं तर तुम्ही सुधारून द्याल.”

मी मूठ आपटली. टेबलावर नव्हे, स्वतःच्या गुडघ्यावर. दुखलं, आणि ओरडताही आलं नाही.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. कोशाची तर वाटतेच. पण त्याहून जास्त, ही मंचावर उभी राहील, शब्द सुचणार नाही, लोक खाकरतील, आणि मला पुढे होऊन सावरता येणार नाही, याची.

७ फेब्रुवारी

उद्या सभा. हिला झोप लागली आहे. मला नाही.

८ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मी त्याचं भाषण करून टाकेन.

वाचनालयाची वरची खोली. तीसेक माणसं, बहुतेक सगळी माझ्या वयाची, थोडे शिक्षक, मागच्या बाकावर दोन-चार तरुण. वकिलाने ठराव मांडला. चांगला मांडला, लेकाने. कोणालाही कमी लेखलं नाही. आपण दमलो आहोत, जग बदललं आहे, जे केलं त्याचा मान ठेवून थांबू या. लोक माना डोलवत होते. मीही डोलावली असती, इतकं ते सरळ होतं.

मग ही उठली. हातात पिशवी. पिशवीतून निघाल्या आमच्या फळीवरच्या दोन बरण्या, एक बाटली, एक पुडी, आणि दोरा बांधून ठेवलेला एक फुगा. हिने आधी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या आणि कोणी काडी ओढायची नाही म्हणून बजावलं. दोन्ही बरण्यांत परमँगनेटचं गुलाबी-जांभळं पाणी होतं, हाताला लागलं की तपकिरी डाग पाडणारं. तेव्हा मला हिच्या बोटांचा उलगडा झाला.

“तर मंडळी,” ही म्हणाली. तेव्हा भांड्यांचाही झाला.

आवाज लहान. मी पहिल्या रांगेत बसून पाटी वर धरली: ‘आवाज वाढव.’ हिने वाचलं आणि त्याच आवाजात पुढे चालू ठेवलं. मागून खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. वाटलं, चालले उठून. वळून पाहिलं, तर मागची माणसं खुर्च्या घेऊन पुढे येत होती. माझ्या भाषणाला पुढच्या रांगा मागे सरकत असत, हे मला आजच आठवायचं काही कारण नव्हतं.

“या फुग्यात हायड्रोजन आहे. शाळेत तयार करून भरून आणलाय.” नळी लावून हिने तो पहिल्या बरणीत सोडला. बुडबुडे आले, फुगा रिकामा झाला, पाणी होतं तसंच जांभळं. “आता दुसरी.” पुडीतले जस्ताचे खडे टाकले, बाटलीतलं आम्ल अगदी जपून ओतलं. बुडबुडे सुरू झाले. रंग होता तसाच.

ही बोलत राहिली. न्हाव्याचं मिसरूड सांगितलं, सायकलवाल्याची पायरी सांगितली, आयाबाईची धुगधुगी सांगितली. “आपण इतकी वर्षं या लोकांच्या दारात जाऊन आपला शब्द पास होतो का ते बघितलं. त्यांच्याकडे काय आहे ते विचारलंच नाही. नेसंटला मराठीत एक शब्द नाही, हे खरं आहे. आपल्याकडे तो प्रत्येक गोष्टीला वेगळा आहे. एकच शब्द सगळ्या बरण्यांत चालत नाही.”

मी बरणीकडे बघत होतो. रंग जाईना. हिनेही एकदा तिकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले. मला हे ओठ माहीत आहेत. मुलीच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी असेच होते. मी पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. सुचवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

“भाऊजी म्हणतात मोबाइलमध्ये अर्थ मिळतो. मिळतो. मी पण बघते. पण तो भरून ठेवलेला असतो.”

मागचा एक तरुण म्हणाला, “बाई, बरणी.”

रंग उतरत होता. आधी गुलाबी, मग नुसती झाक, मग पाण्यासारखं पाणी. पलीकडच्या बरणीत जांभळं तसंच. खोलीत कोणी खाकरलंसुद्धा नाही.

वकील उठून टेबलाशी आला. वाकून दोन्ही बरण्या पाहिल्या. “वहिनी, दोन्हींत वायू तोच?”

“तोच.”

“मग?”

“तो साठवून आणलेला. हा इथेच जन्मला. आता शास्त्रज्ञ याचं कारण वेगळं सांगतात, श्रेय जस्ताला देतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. रंग गेला, तो तुम्ही बघितलात.”

वकिलाने ठराव मागे घेतला नाही, तो वकील आहे. त्याने दुरुस्ती मांडली. काम चालू राहावं, पण दारात जाऊन यापुढे शब्द मागावा. आणि ‘एन’पासून संपादक वहिनी. हात वर झाले. दोन जणांनी केले नाहीत, त्यातला एक झोपला होता. मी पाटीसकट हात वर केला.

मला मुद्रितं तपासायचं काम मिळालं आहे.

९ फेब्रुवारी

आज ही दिवसभर कोणाशीच बोलली नाही. दमली असेल. बरण्या घासून फळीवर ठेवल्या. एकीचा तपकिरी डाग जात नाही. मी लिहिलं, ‘राहू दे तशीच.’

१ मार्च

‘एन’मधली ती नोंद हिने मला तपासायला दिली. नेसंटपुढे एकच शब्द नाही. वायू: नवजात. मिशी: मिसरूड फुटणं. धंदा: बस्तान बसत येणं. चळवळ: मूळ धरणं. आशा: पालवी फुटणं. मैत्री: जुळत येणं. शेवटी थोडी जागा कोरी ठेवली आहे. मी समासात लिहिलं, ‘ही जागा वाया.’ हिने खाली लिहिलं, ‘अजून लोक जिवंत आहेत.’

माझं तत्त्व गेलं. दुःख व्हायला हवं होतं. नोंद पुन्हा वाचली आणि राहून गेलं.

४ मार्च

गाठी विरल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बोला काका. पाच मिनिटं, रोज. हळू.”

इतके दिवस साठवलेलं काय काय होतं. तोंड उघडलं तर एवढंच आलं, “काय बोलू?” आवाज कसला, दाराची बिजागरी करकरावी तसा. बारीक, चिरका, अनोळखी. मैदान सोडा, ही खोलीसुद्धा भरणार नाही. बाईंनी सांगून टाकलं, जुना परत येईल अशी आशा धरू नका.

बसमध्ये मी हिला हाक मारली, “अगं.” हिने आधी मागे वळून पाहिलं, कोण बोलतंय म्हणून. मग माझ्याकडे. डोळे भरले होते आणि हसतही होती.

“कंठ फुटतोय तुम्हाला, या वयात.”

मी म्हणणार होतो की तो घरात दोघांना फुटला, मला नंतर. पण पाच मिनिटं संपली होती. सगळी हाक मारण्यात आणि खोकण्यात गेली. पाटी घरी राहिली होती. मग हिचा हात धरून बसलो. उतरायचा थांबा मागे गेला, तरी दोघंही उठलो नाही.

१० मार्च

संपादकबाईंचा हुकूम: सभासदांना पाठवायचं पत्रक तुम्ही लिहा, आणि लहान लिहा. तीनदा कापून दिलं. चौथ्या खेपेला पास झालं ते असं:

“कोश उघडून निराश होणाऱ्या बंधुभगिनींनो, ‘एन’ची काही पानं आम्ही मुद्दाम कोरी ठेवली आहेत. ती आम्हाला भरता येत नाहीत. आज घरी गेल्यावर तुमच्या घरात जे माणूस सगळ्यांत कमी बोलतं त्याच्यासमोर बसा. नुकत्याच सुरू होऊ लागलेल्या गोष्टीला तुझ्या कामात काय म्हणतेस, काय म्हणतोस, एवढं विचारा, आणि ते बोलायला लागलं की मध्ये बोलू नका. मिळालेला शब्द त्या माणसाच्या नावानिशी एका पोस्टकार्डावर लिहा आणि उद्याच्या टपालाने आम्हाला पाठवा.”